द्राक्षांच्या गावी, बिनद्राक्षांच्या महिन्यात

नाशिककडच्या द्राक्षबागा आणि वाइनचे कारखाने बघायला नेमकं कधी जावं, असं हल्ली आमच्या डोंबिवलीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर मला हमखास विचारतात. जसं काही मी तिथे दरवर्षी जाते. गेले एकदाच, पण प्रवासाची बातमी कट्ट्यावर पोचली, आणि वाइनची जरा जास्तच पोचली.

तर सांगून टाकते. जानेवारी ते मार्च. तेव्हा तोडणी असते, वेलींना घड लटकलेले असतात, थंडी बेताची असते, आणि काही ठिकाणी मोठ्या टाकीत उतरून द्राक्षं पायांनी तुडवायलाही देतात. पावसाळ्यात गेलात तर डोंगर हिरवे मिळतील, बागेत मात्र नुसता पाला. एप्रिल-मे महिन्यांत जाऊच नका, वेली खरडून टाकलेल्या असतात आणि ऊन डोक्यात जातं. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण आमच्या ह्यांनी ते मला वर्षानुवर्षं ऐकवलं.

आणि आम्ही गेलो कधी? भाद्रपदाच्या वद्य पक्षात. ऐन पितृपक्षात.

आमचे हे, म्हणजे श्रीधर, डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत इसेन्स बनवायचे. सरबतात, गोळ्यांत, आइस्क्रीममध्ये घालायचे वास. लग्न झालं तेव्हा मला हे फार काव्यमय वाटलं होतं. सोमवारी शर्टाला अननसाचा वास, मंगळवारी केळ्याचा, बुधवारी बडीशेपेचा. नवी नवरी मालती शर्ट धुण्याआधी नाकाला लावून बसायची. सहा महिन्यांत ती नाक दाबून धुवायला लागली, हा भाग वेगळा.

त्यांचं सगळ्यात जास्त खपलेलं इसेन्स द्राक्षाचं. जांभळं, घमघमीत. आणि त्याचंच त्यांना आयुष्यभर शल्य. म्हणायचे, "अगं, नाशिकच्या कुठल्याही द्राक्षाला हा वास नाही. मी आयुष्यभर असं फळ बनवलं जे मी कधी खाल्लंच नाही." वाइनची द्राक्षं वेगळी असतात असं त्यांनी कुठे तरी वाचलं होतं. बारकी, जाड सालीची, बियांची, आणि वास असलेली. बाजारात येत नाहीत. वेलीवरून तोडूनच खायला हवीत. त्यासाठी तोडणीचा हंगाम गाठायला हवा. मग तिथेच त्यांची वाइन प्यायची, म्हणजे फळाचं पुढे काय झालं ते कळतं. एवढीच त्यांची इच्छा. माणसाला काशीला जायचं असतं, ह्यांना दिंडोरीला.

पण दर फेब्रुवारीत काही तरी निघायचं. एकदा माघी गणपती, एकदा माझा गुडघा, एकदा नात ईराची परीक्षा. आणि त्याच्याही आधी सगळ्यात मोठी धोंड म्हणजे चाळिशीतली मालतीबाई. ही बाई महिला मंडळाची चिटणीस होती आणि व्यसनमुक्तीवर भाषणं द्यायची. पांढरी साडी, हातात कागद, पुढे सतरंजीवर बसलेल्या बायका, त्यांतल्या निम्म्यांचे नवरे चहासुद्धा बिनसाखरेचा पिणारे. एका दिवाळीला कंपनीच्या मालकांनी ह्यांना वाइनची बाटली भेट दिली. मालतीबाईंनी ती मोरीत ओतली, वरून फिनेल टाकलं, आणि बाटलीत मनी प्लांट लावला. तो मनी प्लांट असा फोफावला की सगळ्या सोसायटीने त्याच्या फांद्या नेल्या. हे म्हणायचे, "तळाशी चार थेंब राहिले असणार."

मग मागच्या पावसाळ्यात ह्यांना गिळताना टोचायला लागलं. जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. तंबाखू नाही, विडी नाही, सुपारीसुद्धा नाही. जीभ हे हत्यार होतं त्यांचं, त्यांनी ती जपली होती. का झालं ते कुणी सांगू शकत नाही. आम्हीही विचारणं सोडलं.

ठाणे

आमची लेक शिल्पा घोडबंदर रोडला राहते, बाविसाव्या मजल्यावर. इस्पितळ ठाण्यातच, म्हणून आम्ही तिच्याकडे मुक्काम हलवला होता. रेडिएशन सोमवारी सुरू होणार होतं. त्याआधीच्या गुरुवारी ह्यांचा मुखवटा बनवला. जाळीचं प्लास्टिक गरम पाण्यातून काढून चेहऱ्यावर ताणून बसवतात, गार झालं की तो चेहऱ्याचा साचा होतो. रोज तो घालून टेबलाला जखडून निजायचं, म्हणजे मान हलत नाही. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "प्लास्टिकला अजिबात वास नाही. चांगला माल आहे."

डॉक्टरीणबाई शिल्पापेक्षाही लहान. सगळं समजावून सांगितल्यावर म्हणाल्या, "काही विचारायचंय, आजी?"

मी म्हटलं, "चव जाईल का हो ह्यांची?"

"जाईल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून. लाळही कमी होईल. चव बऱ्याच जणांची हळूहळू येते परत, पण सगळी येईलच असं मी नाही सांगू शकत."

ह्यांनी मान डोलावली. मग घसा खाकरून विचारलं, "सोमवारच्या आधी वाइन चालेल?"

"दारू पूर्ण बंद, काका. हे मला सांगावंच लागतं." मग त्या कॉम्प्युटरकडे वळल्या आणि तिकडेच बघत म्हणाल्या, "आता एखादा घोट कुणी घेतलाच, तर पाण्याने चूळ भरावी. मी काही ऐकलेलं नाही."

तिच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिल्पा भडकली. "आई, वेड लागलंय का तुम्हा दोघांना? सोमवारी ट्रीटमेंट, आणि तुम्ही पिकनिकला? आणि आत्ता कुठेयत द्राक्षं? गुगल कर ना, सीझन फेब्रुवारीत असतो!"

"ते मला गुगलपेक्षा जास्त वर्षांपासून माहीत आहे," हे म्हणाले.

"मग फेब्रुवारीत जाऊ ना, बाबा! तोवर बरा होशील."

हे दारावरचे बदलणारे आकडे बघत राहिले. बाविसावा मजला आला. दार उघडल्यावर शिल्पाच म्हणाली, "गाडी मी चालवणार. आणि उद्या सकाळी सातला निघायचं, नाही तर माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकू."

पुण्याच्या नणंदेला कळवलं तर ती फोनवर किंचाळलीच. "वहिनी, अगं पितृपक्षात? शनिवारी अण्णांची तिथी आहे! बापाच्या श्राद्धाच्या दिवशी दारूच्या गुत्त्यावर?" मी म्हटलं, "वन्सं, पुढच्या वर्षी दोघांचं एकदमच करू." थट्टा करायला गेले आणि ती तोंडातून बाहेर आल्यावर भलतीच निघाली.

कसाऱ्याच्या पुढे

सातला निघालो आणि माजिवड्याला अडकलोच. त्याबद्दल लिहीत नाही, घोडबंदरच्या वाचकांना सांगायला नको आणि बाकीच्यांना पटणार नाही.

कसारा घाटात मात्र मी काच खाली केली. पाऊस सरत आला होता. डोंगरांच्या कडांवर सोनकी फुलली होती, पिवळीधमक, जिथे पाय ठेवायला जागा नाही तिथे आधी ती. हे डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. म्हणाले, "ओल्या कातळाचा वास कुणी बाटलीत भरू शकलं नाही अजून. मी दोन वर्षं प्रयत्न केला होता."

"कशाला? कातळाचं सरबत कोण पिणार?"

"तेच मालक म्हणाले."

घाट चढून वर आल्यावर शिल्पाने मिसळ खायला गाडी थांबवली. ह्यांच्यासाठी मी डब्यात मऊ भात, तूप आणि मेतकूट घेतलं होतं. तिखट तर सोडाच, कोमट चहाही त्यांना घोट घोट घ्यावा लागत होता. शिल्पाची मिसळ आली. ह्यांनी ती ताटली आपल्याकडे ओढली, वाकून वास घेतला. बराच वेळ घेतला. शेजारच्या टेबलावरची दोन पोरं हसू दाबत होती.

"मटकी जरा जास्त शिजलीय. मसाल्यात दगडफूल आहे. खोबरं चांगलं भाजलंय." आणि ताटली परत सरकवली. "खा, गार होईल."

शिल्पाने खाल्ली, पण डोळ्यांतून पाणी काढत. तर्री फारच झणझणीत होती, असं तिने सांगितलं.

मळा

दिंडोरीच्या बाजूला एका शेतकरी कुटुंबाने मळ्यातच पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्यात, तिथे आम्ही उतरलो. हॉटेलात जाऊ नका, असं माझं सगळ्यांना सांगणं आहे. इथे सकाळी दारात कोथिंबिरीच्या वाफ्याचा वास येतो आणि बाजरीची भाकरी चुलीवरची मिळते. घरधनीण कांचनवहिनी, पन्नाशीची, कमरेला खोचलेला पदर, हातातल्या मोबाइलवर दर पाच मिनिटांनी फवारणीच्या औषधवाल्याचा फोन. तिची वाइनची द्राक्षं शेजारच्याच कारखान्याला जातात.

"या की, काकू. पण तुम्ही असं कसं आता आलात? आता तर छाटणी चाललीय. बघायला काय सुदीक नाही."

"ह्यांना बाग बघायची होती," मी म्हटलं. आणखी काही सांगितलं नाही. पण ह्यांच्या गळ्याकडे, रेडिएशनसाठी आखलेल्या शाईच्या खुणांकडे तिची नजर गेली आणि मग तिने पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

बाग बघून माझा पार हिरमोड झाला. मी मनात काय काय धरून आले होते! सीझन नसला तरी एखादा चुकार घड असेल, पानांआड राहिलेला, असं मला ठाण्यापासून वाटत होतं. असल्या बाबतीत मी अजून सोळा वर्षांचीच आहे. पाहते तर तारांवर नुसत्या काड्या. पान नाही की तणावा नाही. रांगांच्या रांगा, अशा की एखाद्याने हजारो छत्र्यांची कापडं काढून घेतली आणि काड्या तेवढ्या ठेवल्या. खाली तोडलेल्या फांद्यांचे ढीग.

"हिला गोडी छाटणी म्हणतात," कांचनवहिनी सांगत होती. "एप्रिलात खरड छाटणी, तेव्हा वेल वाढीला लागतो. आणि ही आता गोडीची. ही केल्याबिगर माल धरत नाही. आज कापलं की फेब्रुवारीत द्राक्ष."

"फेब्रुवारीत," हे म्हणाले.

दोन बायका हातमोजे घालून, नाकाला फडकी बांधून, काड्यांच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतो त्या जागांना, स्पंजाने गुलाबी रंगाचं काही तरी लावत होत्या. आम्ही चालत त्या रांगेपाशी आलो. मी शिल्पाला चप्पल चिखलातून काढायला हात देत होते, म्हणून मी पाहिलं नाही. पण मला माहीत आहे त्यांनी काय केलं असेल, कारण ते त्यांनी आयुष्यभर केलं. भाजीबाजारात, लग्नाच्या मांडवात, औषधाच्या दुकानात. समोर रंगीत पातळ काही दिसलं की बोटाला घ्यायचं आणि नाकाशी न्यायचं.

"काका! हात लावू नका!" कांचनवहिनी धावली. "पेस्ट हाय ती! विषारी!"

ती त्यांना जवळजवळ ओढतच नळावर घेऊन गेली. साबणाने दोनदा हात धुवायला लावले, नाक धुवायला लावलं, शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजवली. हे शाळेतल्या मुलासारखे निमूट उभे.

"काय आहे त्यात?" त्यांनी विचारलं.

तिने डब्यावरचं नाव सांगितलं. ते नाव ह्यांना ओळखीचं होतं. त्यांचा चेहरा बदलला.

"डोळे लवकर फुटावेत म्हणून लावतो," ती म्हणाली. "पण ते अंगाला लागलं तर दारूला शिवायचं नाही. आमच्या बायांच्या घरच्यांनाही बजावून ठेवतो, पेस्टचं काम केलं की आठवडाभर बाटली बंद. मागं एकाने ऐकलं नव्हतं, अंग लालभडक, छातीत धडधड, दवाखान्यात न्यावं लागलं. तुम्ही कारखान्यावर चाखायला जाणार होता ना? आता नाही हं, काका. वास घ्या हवा तर. पोटात थेंब नाही."

मी मधे पडले. "अहो, बोटाला तर लागलंय! बोट काय पितं? धुतलं ना साबणाने? एक घोट, एवढुस्सा! चमचाभर!"

आणि मला माझाच आवाज ऐकू आला. व्यसनमुक्तीच्या चिटणीस मालतीबाई, परक्याच्या मळ्यात, पितृपक्षात, नवऱ्याला दारू मिळावी म्हणून हुज्जत घालत होत्या. पांढऱ्या साडीतली ती बाई तिथे असती तर फिनेलची बाटली घेऊन माझ्या मागे लागली असती.

"ती बरोबर सांगतेय, मालू," हे म्हणाले. "मला माहीत आहे ते रसायन. वास घेतलाय मी, आत गेलंच असेल थोडं. सोमवारी मला मशिनखाली निजायचंय. त्याआधी तुला रुग्णवाहिका नाही दाखवायची."

"पण तुम्ही कशाला बोट घातलंत हो!"

"रंग छान होता."

फेब्रुवारीत आलो असतो तर ही पेस्ट नसती. पेस्ट लावतात ती याच दिवसांत. द्राक्षं नसलेल्या महिन्यात आलो, चालेल, निदान वाइन तरी मिळेल असं म्हणत होतो, तर त्या महिन्याने तीही काढून घेतली. शिल्पा मागे फिरून खोलीकडे निघून गेली. मी तोडलेल्या फांद्यांच्या ढिगावर बसले. रडावं असं फार वाटत होतं, पण खाली काड्या टोचत होत्या, त्यामुळे धड तेही जमलं नाही.

चाखणी

तरी आम्ही संध्याकाळी कारखान्यावर गेलो. हेच म्हणाले, "नाकाला कुणी बंदी केलेली नाही."

मोठं लाकडी काउंटर, उलटे टांगलेले ग्लास, आणि माणूस एकही नाही. सायली नावाची मुलगी होती चाखवायला, काळा कोट घातलेली, कंटाळलेली. "पितृपक्षात कोणीच येत नाही, मॅडम. नवरात्रानंतर गर्दी."

तिने पहिली पांढरी वाइन ओतली. ह्यांनी ग्लास हलवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. मी त्यांना असं कामावर कधी पाहिलं नव्हतं. घरी ते फक्त वास घेऊन यायचे.

"पेरू," ते म्हणाले. "अर्धा कच्चा, देठाकडचा. आणि सिमला मिरची चिरल्यावर पहिला येतो तो वास."

सायली सरळ उभी राहिली. "सर, तुम्ही याच लाइनमध्ये होता का?"

"खोट्या लाइनमध्ये," हे म्हणाले आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला. "घे."

"मी?"

"मग कोण? शिल्पाला गाडी चालवायचीय. तू पी आणि मला सांग."

मी आजूबाजूला पाहिलं. मंडळाची एकही सभासद दिसली नाही. मग डोळे मिटून प्यायले, एरंडेल पितात तशी.

"आंबट आहे," मी म्हटलं.

"आंबट म्हणजे लिंबू, चिंच की ताक?"

"नुसतं आंबट हो!"

"मालू, चाळीस वर्षं माझ्याबरोबर राहिलीस. पेरू शोध."

मी पुन्हा प्यायले. नाही सापडला पेरू. तिसऱ्या घोटाला, कुठे तरी मागे, आमच्या माहेरच्या परसातला खारीने कुरतडलेला पेरू आल्यासारखा वाटला. की ह्यांनी सांगितलं म्हणून वाटला, देव जाणे. पण मी ओरडलेच, "आहे! आहे पेरू!" सायली टाळ्या वाजवायला लागली.

मग लाल आली. ह्यांनी बराच वेळ वास घेतला. त्यांचा श्वास आत जाताना घशात अडकत होता, तो आवाज त्या रिकाम्या खोलीत ऐकू येत होता. म्हणाले, "जांभूळ. पेन्सिल तासल्यावरचा लाकडाचा चुरा. मिरी." मग ग्लास माझ्याकडे. "सांग."

"खोकल्याचं औषध."

"खोकल्याच्या औषधाचा वास मी स्वतः बनवलाय. तसा नाही हा. जिभेच्या टोकाला काय आहे?"

"काही नाही. जरासं गोड."

"कडांना?"

"कडा आकसतायत. जांभूळ खाल्ल्यावर होतात तशा. खरखरीत."

"आणि मागे? मुळाशी?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. गाठ तिथेच होती, मुळाशी. तिथे गेले दोन-तीन महिने त्यांना टोचण्याशिवाय दुसरं काही लागलं नव्हतं. मी एक घोट घेतला आणि गिळायच्या आधी थांबले. इतक्या नीट मी आयुष्यात काहीही गिळलं नसेल.

"तिथे ऊब लागते," मी म्हटलं. "रजईत पाय घातल्यासारखी. आणि राहते थोडा वेळ."

त्यांनी मान हलवली. सायली उगीचच ग्लास पुसत होती, पुसलेला ग्लास पुन्हा पुसत होती.

त्यानंतर सायलीने आणखी काय काय ओतलं ते मला आठवत नाही. मी तिला व्यसनमुक्तीचं माझं गाजलेलं भाषण म्हणून दाखवलं, हे शिल्पा सांगते. हातवाऱ्यांसकट. गाडीत बसताना मी चिखलात एक चप्पल सोडून आले. कांचनवहिनीने ती दुसऱ्या दिवशी धुऊन आणून दिली आणि तोंड गंभीर ठेवून म्हणाली, "काकू, पेस्ट तुम्हाला लागली नव्हती, नशीब."

पितर

शनिवारी सासऱ्यांची तिथी. मी डोकं धरून उठले, तर स्वयंपाकघरात वडे तळल्याचा वास. कांचनवहिनीच्याही सासऱ्यांची तीच तिथी निघाली. "आमच्यातही आज पित्तर हायत, काकू. तुमच्या मामंजींचंही पान काढते. काय वेगळं थोडंच लागतंय."

आमच्या घरी हे सगळं सोवळ्यात होतं. सासरे असते तर त्यांनी परक्या चुलीवरची खीर बघून ताट भिरकावलं असतं. इथे दोन पानं विहिरीच्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवली. खीर, कढी, वडे, भोपळ्याची भाजी. आम्ही मागे सरून उभे राहिलो. डोंबिवलीत कावळ्याची वाट बघून माणसं गच्चीवर तासभर उन्हात तळतात. इथे एक कावळा आला, दोन्ही पानांतले वडे पळवले आणि गेला.

"एकाच कावळ्यात दोन सासरे," मी कांचनवहिनीला म्हटलं. "जागेची टंचाई तिकडेही आहे तर."

ती पदर तोंडाला लावून हसली. हेही हसले. मग कठड्याकडे बघत म्हणाले, "मला काय ठेवशील?"

"काय?"

"पानावर. मी गेल्यावर. इच्छा राहिली तर कावळा शिवत नाही म्हणतात."

काही तरी बोलायला हवं होतं. तोंडाला येईल ते बोलायची सवय. "द्राक्षं ठेवीन," मी म्हटलं. "वाइनची. बियांसकट."

"पितृपक्षात कुठली द्राक्षं, बाई? बघितलीस ना बाग?"

खरंच की. दरवर्षी पितृपक्ष येणार तो याच दिवसांत. दरवर्षी तेव्हा इथे नुसत्या काड्या असणार.

ते विचार करत होते. इसेन्सच्या प्रमाणाचा करायचे तसा, भुवया जवळ घेऊन. मग म्हणाले, "मी फेब्रुवारीत जायला हवं. म्हणजे वर्षश्राद्ध फेब्रुवारीत येईल. तेव्हा ताजी मिळतील."

"हं. तोडणीचा हंगाम," मी म्हटलं. "हवाही बरी असते. तुम्हीच तर सांगायचात, सगळ्यात चांगला सीझन."

"आई! बाबा! बास!" शिल्पा ओरडली. पाणी भरलेला तांब्या तिने तिथेच आपटला आणि विहिरीच्या पलीकडे, त्या काड्यांच्या रांगांत जाऊन पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलताना दिसत होते. आम्ही दोघं म्हातारे गुन्हेगारांसारखे उभे. आम्ही कुणीच तिच्याकडे गेलो नाही. कांचनवहिनी गेली.

निघताना कांचनवहिनी ह्यांना म्हणाली, "फेब्रुवारीत या, काका. तेव्हा बघा बाग."

"बघू," हे म्हणाले. परतीच्या वाटेवर घाटात मी काच खाली केली. त्यांनी वर करायला सांगितली. गार वारा घशाला लागत होता.

डोंबिवली, फेब्रुवारी

ज्यांना जायचंय त्यांनी आता जावं. सीझन सुरू झालाय. कांचनवहिनीचा फोन आला होता, की माल यंदा चांगला धरलाय, तुम्ही या. आम्ही गेलो नाही. रेडिएशन संपलंय. नाकातून घातलेली अन्नाची नळी निघाली. हे खुर्चीत बसतात, मानेची कातडी काळी पडलीय, लाळ नाही म्हणून दर दोन मिनिटांनी पाण्याचा घोट. डॉक्टरीणबाई म्हणतात, गाठ दिसत नाही, पुढे बघू. पुढे काय ते त्या सांगत नाहीत. वरणाची पेज, केळं कुस्करून, नाचणीची खीर, सगळं सारखंच. विचारलं की म्हणतात, "ओला पुठ्ठा." उद्या काय करू विचारलं तरी तेच. नाकही गेलंय. परवा दूध उतू जाऊन करपलं, ते ह्यांना खोलीत कळलं नाही.

मग कांचनवहिनीने कल्याणच्या मार्केटला येणाऱ्या भाजीच्या गाडीबरोबर एक पेटी पाठवली. शिल्पाने ती घरी आणली. काळीभोर, बारकी, वाटाण्याएवढी द्राक्षं, सालीवर धुरकट झाक. ती पेटी उघडली तेव्हा मला ती छाटणीची बाग आठवली आणि वाटलं, त्या काड्यांतून हे?

मी एक द्राक्ष धुऊन, चिरून, बिया काढून ह्यांच्या जिभेवर ठेवलं. त्यांनी डोळे मिटले, सायलीच्या काउंटरवर मिटले होते तसे. शिल्पा दारात उभी होती. फार वेळ लागला. जबडा हळूहळू हलत होता. पाण्याचा घोट घेतला, पुन्हा हलवला.

"कसं लागतंय?" मी विचारलं.

"गार," ते म्हणाले.

मग डोळे उघडून म्हणाले, "तू सांग."

मी खाल्लं. जाड साल, दोन बिया, गोड, मग कडा आकसल्या. आणि वास होता, ह्यांच्या इसेन्सच्या बाटलीतला नव्हे, त्या लाल ग्लासातलाही नव्हे, तिसराच. मला तो सांगता येईना. चाळीस वर्षं ह्यांच्याबरोबर राहून सांगता येईना.

"तुमच्या कंपनीचं बरं होतं," मी म्हटलं.

"खोटारडी," ते म्हणाले, आणि पाण्यासाठी हात पुढे केला.

उरलेली द्राक्षं मी धुतली, पुसली आणि फ्रीजमध्ये अगदी मागे, जिथे भाजीवर बर्फ धरतो तिथे ठेवली. निदान गार तरी लागू देत.